दोन वड्यांमधली फट

माझा पाय मुरगळला की आमच्या घरी चार दिवस पिवळंधमक ऑम्लेट असायचं. पांढरं सगळं माझ्या घोट्याला जायचं ना.

सीदो, म्हणजे माझे आजोबा, गेल्या वर्षीची चांगली वाळलेली साबणाची वडी घ्यायचे, खिसणीवर खिसायचे, त्यात सहा अंड्यांचं पांढरं घालून फेटायचे आणि त्या लगद्यात सुती पट्ट्या बुडवून माझ्या पावलाला गुंडाळायचे. तासाभरात ते असं कडक व्हायचं की टिचकी मारली तर टक वाजायचं. बलक उरायचे. मग आई म्हणायची, "या पोरीच्या पायापायी अंड्यात पांढरं असतं हेच विसरले मी."

सीदोंचा लेप आमच्या गल्लीतच नाही, नाब्लुसच्या अख्ख्या जुन्या शहरात माहीत आहे. चाळीस वर्षं ते साबणाच्या कारखान्यात आहेत. आधी उकिडवे बसून वड्यांवर शिक्का मारायचे, आता गुडघे गेले म्हणून वर वाळवणीच्या मजल्यावर नवीन लोकांना वड्या रचायला शिकवतात. कोणाचं मनगट मुरगळलं, कोणी जिन्यावरून घसरलं, की लोक आमच्या दारात. हातात अंडी घेऊनच येतात. आमच्या घरात चूल जशी आईची, तशी हाडं सीदोंची. त्यात दुसऱ्या कोणी बोलायचं नाही.

मी जुमाना. चौदा वर्षांची, नववीत. यंदापासून आमच्या शाळेच्या सकाळच्या रेडिओचा माइक माझ्याकडे आहे. रेडिओ नुसता म्हणायला, आहे तो एक कर्णा. रोज सकाळी सगळ्या मुली पटांगणात रांगेत उभ्या राहतात आणि एक जण समोर उभी राहून बातम्या, आजचा प्रश्न, एखादी गंमत वाचते. मागच्या वर्षापर्यंत हजेरीला 'आहे' म्हणतानाही माझे कान लाल व्हायचे. मग एकदा माइकवाली मुलगी आजारी पडली, मिसनी मला ढकललं, आणि माझा आवाज भिंतीवर आपटून माझ्याकडे परत आला. मला तो आवडला. खरं सांगू, फारच आवडला. तेव्हापासून घरी, शाळेत, जिन्यात, मी बोलतेच आहे.

पण माइकपुढे पंधरा मिनिटं उभं राहावं लागतं, आणि सातव्या मिनिटाला माझ्या उजव्या घोट्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खालती, कोणीतरी खिळा ठोकायला लागायचं. एका पायावर भार टाकून, दातांवर दात ठेवून मी आजचा प्रश्न विचारायची. शाळेच्या एकशे अठरा पायऱ्या चढून आल्यावर तर पाऊल बाहेरच्या अंगाला वळून तसंच आखडून बसायचं. खेळाच्या मिस इअतिदाल म्हणायच्या, "जुमाना, जीभ एवढी धावते, तिच्यातलं थोडं पायांना दे की."

मुली हसायच्या. मीही हसायची. काय करणार.

न्हाणीतून ओल्या पायांनी बाहेर आले की फरशीवर माझे ठसे विटांसारखे उमटायचे. बाकीच्यांच्या ठशाला मध्ये कंबर असते, माझ्या नव्हती. पण त्याची कोणाला काळजी नव्हती, कारण बाबांचे ठसेही तसेच. बाबा उलट कॉलर ताठ करून सांगायचे, "माझा पाय घेतलाय हिने. याच पायांनी मी आयबालच्या डोंगरावर पळत जायचो." मग वाटायचं, पाय तोच असेल तर दुखतो तो मीच दुखवत असणार. मी आळशी असणार. किंवा वेंधळी.

आणि सीदोंच्या लेपाने बरं वाटायचं, ही तर सगळ्यात मोठी गोष्ट. खोटं नाही. लेप घातला की दुसऱ्या दिवशी खिळा गायब. आठवड्याने सीदो तो कापून काढायचे, विचारायचे, "आता?" मी म्हणायची, "एकदम छान." त्यांचा चेहरा असा खुलायचा की मला अजून चारदा 'छान' म्हणावंसं वाटायचं. मग महिना-दोन महिन्यांनी पुन्हा पाय मुरगळायचा आणि पुन्हा अंडी.

तेराव्या वेळी मात्र आईने टोपलीत हात घातला आणि विचारलं, "आज कुठे मुरगळला?"

"कुठेच नाही."

"कुठेच नाही म्हणजे? पायरीवर? पटांगणात?"

"नुसती उभी होते. बातम्या वाचत होते."

आईने हातातली दोन अंडी परत टोपलीत ठेवली. एक एक करून, हळूच. म्हणाली, "आज अंडी फोडायची नाहीत." सीदो खिसणी घेऊन बसलेच होते. त्यांना ती म्हणाली, "उभ्या उभ्या पाय मुरगळत नाही. मी हिला घेऊन जाते." खिसणी बराच वेळ सीदोंच्या मांडीवरच होती.

हाडांच्या डॉक्टर निहाद मला आवडल्या. त्यांनी माझा पाय बघायच्या आधी आम्हा तिघांनाही, आई, बाबा आणि मला, मोजे काढून भिंतीला हात लावून उभं केलं. म्हणाल्या, "टाचा उचला." आणि आमच्या मागे जमिनीवर चक्क मांडी घालून बसल्या. आईच्या टाचा आत वळल्या, तळव्याखाली कमान आली. बाबांच्याही वळल्या. बाबांच्या त्या विटेसारख्या सपाट पायालासुद्धा टाच उचलल्यावर कंबर आली. बाबा मान वळवून बघत होते, त्यांनाच नवल.

माझी उजवी टाच होती तशीच राहिली. डॉक्टरांनी ती मुठीत धरून डावी-उजवीकडे हलवून पाहिली. गंजलेल्या खिडकीसारखी ती जागची हलेना.

"सपाट पाय पुष्कळांचे असतात," त्या बाबांना म्हणाल्या, "तुमचेही आहेत. दुखत नाहीत ना? मग त्यांना काही करायचं नसतं. हिचा सपाट आहे आणि शिवाय जाम आहे. ती गोष्ट वेगळी."

एक्स-रेची चित्रं काढली. त्यात दिसलं ते असं: टाचेचं हाड आणि त्याच्यापुढचं एक छोटं हाड, यांच्यामध्ये मोकळी जागा हवी, तिथे माझ्या पायात पूल होता. जन्मापासूनचाच. लहानपणी तो मऊ होता, कानाच्या पाळीसारखा, म्हणून निभावलं. आता मी वाढतेय तसा तोही हाड होत चाललाय. खालची हाडं हलेनात, म्हणून ओबडधोबड वाटेवर सगळा मार घोट्यावर येतो आणि स्नायू घाबरून पाऊल आवळून धरतात. डाव्या पायातही थोडा जोड होता, पण तो गप्प होता. "गप्प आहे त्याला आपण उठवायचं नाही," डॉक्टर म्हणाल्या.

"आतापर्यंत किती वेळा मुरगळला?"

आईने डोळे मिटले आणि ऑम्लेटं मोजली. रमजानच्या आधीचं एक, ईदचं एक, ऑलिव्ह उतरवायला गेलो तेव्हाची दोन. "हा धरून तेरा," ती म्हणाली. मग लेपाचं सांगावंच लागलं. मला वाटलं डॉक्टर हसतील किंवा रागावतील. त्या म्हणाल्या, "लेप वाईट नाही. त्याने पाय हलेनासा होतो, म्हणून दुखणं थांबतं. मीही आधी प्लास्टरच घालणार आहे, सहा आठवडे. पण या लेपामुळेच तुम्ही दोन वर्षं माझ्याकडे आला नाहीत."

घरी आल्यावर बाबांनी सीदोंना सगळं सांगितलं. सीदोंनी त्यातलं पहिलं वाक्य तेवढं ऐकलं. संध्याकाळी दारात बसून ते शेजाऱ्यांना सांगत होते, "डॉक्टरबाई म्हणाल्या, अबू रासिम, तुमचा लेप आणि माझं प्लास्टर एकच." अबू रासिम म्हणजे सीदोच, रासिमचे, म्हणजे माझ्या बाबांचे वडील. डॉक्टरांनी त्यांना पाहिलंही नव्हतं. माझ्या प्लास्टरवर त्यांनी बोटाने टकटक केलं आणि म्हणाले, "जाड घातलंय. आणि वास कसलाच नाही."

ते सहा आठवडे मी राणीसारखी होते. खिळा नाही. प्लास्टरवर सगळ्या वर्गाने सह्या केल्या. पंधरा मिनिटांच्या जागी मी वीस मिनिटं माइक सोडत नव्हते. प्लास्टर काढलं, बुटात कडक तळवा बसवला, बाबांनी त्या दिवशी कुनाफ्याची मिठाई आणली, सगळे खूश.

एकोणिसाव्या दिवशी, बहात्तराव्या पायरीवर, खिळा परत आला.

आठवडाभर मी कोणाला सांगितलं नाही. दोन वर्षं 'छान' म्हणायची सवय लागली होती ना. पण माइकपुढे आवाज कापला आणि मागच्या रांगेतल्या मुलींना वाटलं मी कुठली तरी वाईट बातमी वाचतेय. त्या दिवशी मी आईला सांगितलं.

डॉक्टर निहाद म्हणाल्या, आता ऑपरेशन. पूल कापायचा. थांबलो तर शेजारचे सांधेही झिजायला लागतील, मग एवढ्यावर भागणार नाही.

बाबा म्हणाले, "वडिलांना विचारतो."

सीदो म्हणाले, "सुरी? चौदा वर्षांच्या पोरीच्या पायाला? नाही. त्या बाईचं प्लास्टर फसलं, माझा लेप कधी फसला? जाड घालू. दोन डझन अंडी आण रासिम."

बाबांनी मान खाली घातली. माझे बाबा दुकानात दहा माणसांवर ओरडतात, पण सीदोंसमोर त्यांचं वय आठ वर्षांचं होतं. आईने अंड्यांची टोपली उचलली आणि कपाटावर, सगळ्यात उंच जागी ठेवून दिली. तिचं म्हणणं तेवढ्यात आलं, पण सीदोंचा हात तिथे पोहोचत नव्हता एवढंच झालं. ऑपरेशनला हो कोणी म्हटलं नव्हतं.

मागच्या वर्षीची जुमाना असती तर तिने उशीत तोंड खुपसलं असतं. मी विचार केला, मी तीनशे मुलींसमोर बोलते. एका सीदोंसमोर का नाही?

गुरुवारी शाळा सुटल्यावर मी तडक कारखान्यात गेले. पायाच्या चित्राची काळी फिल्म दप्तरात. पहिल्या मजल्याचा जिना मी कठड्याला धरून, एक एक पायरी, उजवा पाय मागून ओढत चढले. वर सीदो उभे होते. मला असं चढताना ते बघत होते. आमचं घर तळमजल्यावर, आणि मी कारखान्यात येते तेव्हा नेहमी ते आत कुठेतरी असतात, म्हणून त्यांनी हे कधी पाहिलंच नव्हतं.

"हे कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"लेप नसतो तेव्हा असंच, सीदो."

"मला तर सांगितलंस छान आहे."

"लेप काढला त्या दिवशी छान असायचं. तुम्ही त्याच दिवशी विचारायचात."

ते वळले आणि मी त्यांच्यामागे आत गेले. वाळवणीच्या मजल्यावर खिडक्यांतून दुपारचं ऊन तिरपं आलं होतं आणि वड्यांचे मनोरे छताला टेकत होते. आतून पोकळ, वर निमुळते होत गेलेले, आणि प्रत्येक वडीच्या दोन्ही बाजूंना फट, वारा खेळायला. लहानपणी मी त्यांच्यामध्ये लपाछपी खेळायची आणि फटींतून सीदोंचे पाय दिसायचे.

मी फिल्म काढून खिडकीच्या काचेला लावून धरली. भाषण तयार केलं होतं, सुरुवात 'आदरणीय आजोबा' अशी होती, पण ते सगळं डोक्यातून गेलं. नुसतं बोट ठेवलं. "ही टाच. हे पुढचं हाड. इथे मोकळं हवं होतं."

सीदोंनी चष्मा कपाळावर चढवला, डोळे फिल्मला लागतील इतके जवळ आले. बराच वेळ बघत राहिले.

"हे चिकटलंय," ते म्हणाले.

"हो."

"असं कसं रचलं?"

"रचलं नाही सीदो, जन्मतःच आहे."

पण ते ऐकत नव्हते. ते दारामागे गेले, तिथे मोडक्या वड्यांचा ढीग असतो. तिथून त्यांनी एक जोडगोळी आणली. कोणीतरी नवशिक्याने दोन ओल्या वड्या एकमेकींना टेकवून ठेवल्या होत्या आणि त्या तशाच वाळल्या होत्या. "वेगळ्या कर," सीदो म्हणाले. मी दोन्ही हातांनी जोर लावला. जोड हलला नाही, भलत्याच ठिकाणी कोपरा तुटून माझ्या बुटावर पडला.

"जोड वडीपेक्षा घट्ट होतो," सीदो म्हणाले. "जोर लावला की शेजारचं मोडतं."

"डॉक्टर हेच म्हणाल्या. शेजारचे सांधे."

त्यांनी खिशातलं पातं काढलं आणि जोडावरून सरळ चालवलं. वड्या वेगळ्या झाल्या. मग त्यांनी त्या खिडकीत एकमेकींजवळ ठेवल्या, अगदी जवळ, आणि माझ्याकडे बघितलं. "कापलं. मग? ओल्या असल्या तर पुन्हा चिकटतील. मी बोटभर फट ठेवतो. ती बाई काय ठेवणार? पायात वारा जातो का?"

"चरबी ठेवणार."

"काय?"

"फटीत चरबी भरतात. म्हणजे हाड परत जोडून घेत नाही."

"कोणाची चरबी?"

"माझीच. मांडीची."

सीदोंनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "चला. इतकी वर्षं कलौंजीची मिठाई खाल्लीस ती कुठेतरी कामाला आली."

मी हसले, तेही हसले, पण मग ते साबणाच्या पेटीवर बसले आणि त्या दोन वड्या हातात घेऊन त्यांच्या कापलेल्या कडा अंगठ्याने चोळत राहिले. गुळगुळीत होईपर्यंत. मी काही बोलले नाही. मला गप्प बसता येतं हे त्या दिवशी मला नवीनच कळलं.

"किती वेळा घातला लेप?"

"तेरा. नाही, बारा. तेराव्या वेळी आईने अंडी ठेवून दिली."

"बारा." ते म्हणाले. "एखाद्या कढईतला साबण एकदा तडकला तर मी तेलाला नाव ठेवतो. दुसऱ्यांदा तडकला तर आच बघतो. बारा वेळा तडकला असता तर भट्टी बंद करून कढईत उतरलो असतो मी. आणि तुझ्या पायाला बारा वेळा नुसतं वरून लिंपत बसलो."

"पण बरं वाटायचं, सीदो."

"तेच तर." त्यांनी वड्या बाजूला ठेवल्या, बोटभर फट सोडून. सवयीने. "बरं वाटायचं म्हणून मी विचारलं नाही."

मग ते उठले, माझं दप्तर स्वतःच्या खांद्याला लावलं आणि म्हणाले, "रासिमला म्हणावं, मला विचारत बसू नकोस. आणि मी येणार. त्या बाईचे हात बघायचेत मला."

ते खरंच आले. डॉक्टर निहादना त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "फट किती ठेवणार?" डॉक्टर गोंधळल्या नाहीत. म्हणाल्या, "सेंटिमीटरभर, अबू रासिम. आणि मागपर्यंत सारखी, वर रुंद आणि तळाशी अरुंद अशी नाही. ती चूक केली तर परत जोडतं." सीदोंनी मान डोलावली आणि बाबांच्या कानात म्हणाले, "येतं हिला काम."

डॉक्टरांनी मलाही एक गोष्ट स्पष्ट सांगितली. पायाला कंबर येणार नाही. फरशीवर ठसा विटेसारखाच उमटेल. ऑपरेशन पाय सुंदर करायला नाही, हलता करायला आहे. मला जरा वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. मनात कुठेतरी मी वाळूत उमटलेला माझा नाजूक ठसा बघून ठेवला होता.

ऑपरेशननंतरचे तीन आठवडे कुबड्या, पाय टेकायचा नाही. शाळेत परत गेले त्या सकाळी माइकसमोर खुर्ची होती. मिस इअतिदालनी स्वतः ती व्यायामशाळेतून उचलून आणली असं मुलींनी मला नंतर सांगितलं. मिस फक्त म्हणाल्या, "बस आणि वाच. थोडक्यात वाच." मी थोडक्यात वाचलं नाही.

रोज संध्याकाळी सीदो माझी टाच तळहातावर घ्यायचे आणि डॉक्टरांनी शिकवलं तशी हळूच आत, हळूच बाहेर. पहिल्या दिवशी मी ओरडले. पाचव्या दिवशी काहीच नाही. अकराव्या दिवशी ते थांबले, पुन्हा केलं, आणि आईला हाक मारली, "सौसन, इकडे ये. हे बघ." टाच हलली होती. खिडकी अगदी किलकिली व्हावी, एवढीच. आई ओल्या हातांनी आली, बघितलं आणि परत आत गेली. आत नळ बराच वेळ वाहत होता.

आता पाच महिने झाले. एकशे अठरा पायऱ्या मी चढते. लांब चाललं तर संध्याकाळी घोटा कुरकुरतो. डॉक्टर म्हणतात वर्षभर वाट बघ. मिनिटं मोजायचं मी सोडून दिलंय, त्यामुळे माझं वाचन अजून लांबलंय आणि त्याबद्दल तक्रारी आहेत.

परवा समोरच्या उम्म मुन्तसिर त्यांच्या अकरा वर्षांच्या नातीला, सजाला, घेऊन आल्या. सजा लंगडत होती. उम्म मुन्तसिरच्या हातात अंडी. "अबू रासिम, पोरीचा पाय मुरगळलाय. घाला तुमचा लेप."

सीदोंनी खिसणीला हात लावला नाही. "सजा, मोजे काढ. भिंतीला हात लाव."

"अहो, पाय मुरगळलाय तिचा, नमाजाला नाही आली ती," उम्म मुन्तसिर म्हणाल्या.

"टाचा उचल. दुखेल तिथे थांब."

आणि सीदो, ज्यांना गुडघ्यांमुळे जमिनीवर बसता येत नाही, ते भिंत धरून, कण्हत, तिच्यामागे जमिनीवर बसले. मीही शेजारी बसले. आम्ही दोघं त्या छोट्याशा टाचांकडे बघत होतो. सजाने टाचा उचलल्या. दुखऱ्या बाजूची जरा कमी, पण दोन्ही आत वळल्या. तळव्याखाली छानशी कमान आली.

सीदोंनी इतका मोठा श्वास सोडला की सजा दचकली.

"याआधी कधी?" त्यांनी विचारलं.

"कधीच नाही," सजा म्हणाली. "काल दोरीवरच्या उड्या मारताना."

"मग खरंच मुरगळलाय. जुमाना, खिसणी आण. आणि उम्म मुन्तसिर, महिनाभरात पुन्हा मुरगळला तर माझ्या दारात यायचं नाही. डॉक्टर निहादकडे जायचं, सरळ."

"बरं बाई, नाही येत. किती चौकशा झाल्यात हल्ली तुमच्या," उम्म मुन्तसिर पुटपुटल्या. मी पांढरं वेगळं करत होते, त्या वाटीकडे बघून म्हणाल्या, "आणि या बलकांचं काय करू मी?"

आतून आईचा आवाज आला, "आता ते तुमच्या घरचं दुखणं."